रुग्णालयात यांनाही भेटा



सरकारी रुग्णालयात डॉक्टर असतात,
परिचारिका असतात.
आणखी एक माणूस असतो.
समाजसेवा अधीक्षक.

समजा, एका शेतमजूर बाईंना क्षयरोग झाला.
औषधं मोफत मिळतात.
पण मजुरी बुडते.
घरी लहान मुलं आहेत.
उपाशीपोटी गोळ्या सोसत नाहीत.
मग उपचार अर्ध्यावर सुटतात.
आणि ते फार धोक्याचं असतं.

समाजसेवा अधीक्षक नेमकं हेच विचारतात.
जेवणाचं काय? मुलांकडे कोण बघतं?
रेशनकार्ड आहे का?
मग ते योजनेचा अर्ज भरून घेतात,
पोषण आहाराची वाट दाखवतात,
घरच्यांनाही समजावतात.
आजार एक, गरजा अनेक.
त्या एकत्र पाहायच्या, हेच त्यांचं काम.

हे काम शिकावं लागतं.
मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं.
दहा वर्षांनी, मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात,
याच कामासाठी देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला.

धर्मादाय रुग्णालयांत
गरीब रुग्णांसाठी खाटा राखीव असतात.
तिथेही समाजसेवक भेटतात.

म्हणून, मंडळी, एवढंच सांगते.
पैशाअभावी रुग्णाला घरी नेऊ नका.
आधी समाजसेवा अधीक्षकांना भेटा.