आकडा नको, काम विचारा



कवितेच्या माणसाने संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी राहतो मळवलीत. पुण्याहून येताना लोणावळ्याच्या अलीकडचं हे छोटं स्टेशन. सकाळच्या लोकलने इथली मुलं तळेगावला, आकुर्डीला, पुण्याला शिकायला जातात. येता-जाता त्यांच्या गप्पांत परीक्षेइतकाच ‘एफपीएस’ हा शब्द असतो. त्यांतली बरीच मुलं मला ‘चाचा’ म्हणतात. घरी संगणक घ्यायचं ठरलं की त्यांचे वडील दुकानातला अंदाजपत्रकाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात, कारण ‘तुम्ही शिकलेले’. मराठी घेऊन केलेल्या बी.ए.चा असा उपयोग होईल, असं विद्यापीठालाही वाटलं नसेल. पण गझलेच्या मात्रा मोजायची सवय असलेल्या माणसाला वॅट आणि गिगाबाइट मोजणं फारसं जड जात नाही.

ज्या घरांबद्दल मी बोलतो आहे, तिथे संगणकासाठी चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये एकदाच निघतात. कुणी भिशी उचलतं, कुणी भाताचे पैसे बाजूला ठेवतं. कार्ड चुकीचं आलं तर दुसरं घ्यायला पुढची तीन-चार वर्षं पैसे नसतात. शिवाय ‘तुझ्या हट्टापायी पैसे गेले’ हे वाक्य घरात राहून जातं. कार्ड बदलता येतं, हे वाक्य पुसता येत नाही.

आता हे कार्ड करतं काय? आपल्या मावळातली भातलावणी आठवा. कुठल्या खाचरात कधी उतरायचं, पाणी किती ठेवायचं, हे घरचा एक जाणता माणूस ठरवतो. तो म्हणजे संगणकाचा मुख्य प्रक्रियक, सीपीयू. पण प्रत्यक्ष रोपं लावायला पंधरा-वीस बाया एका ओळीत वाकतात आणि एकाच वेळी तेच सोपं काम करतात. ग्राफिक्स चिपमध्ये अशी शेकडो-हजारो छोटी गणकयंत्रं ओळीने कामाला असतात. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ती ठरवतात. नेहमीच्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके झाले. सेकंदाला किती चित्रं, हाच त्या मुलांचा ‘एफपीएस’.

लावणाऱ्या हातांजवळ रोपांच्या जुड्या टाकून ठेवाव्या लागतात. कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे त्या जुड्यांची जागा. जागा कमी पडली, तर दर वेळी बांधावरून जुड्या आणाव्या लागतात आणि हात रिकामे थांबतात. खेळ अडखळतो तो तेव्हा. पण जागा भरपूर आणि लावणाऱ्या बाया दोनच, असं असेल तर? नेमकी इथेच फसगत होते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४ जीबी’ लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड ४ जीबी मेमरी घालूनही विकलं गेलं. जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचं कार्डही ४ जीबीचंच. आकडा तोच, पण दुसऱ्याची ताकद कितीतरी पट जास्त. जीटी १०३० ची गोष्ट त्याहून मासलेवाईक आहे. २०१७ साली ते जीडीडीआर-५ मेमरी घेऊन आलं. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर-४ मेमरीचं कार्ड निघालं आणि त्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या सुमारे एक तृतीयांश होता. म्हणून खोक्यावर चिपचं पूर्ण नाव, मेमरीची जात आणि मग मेमरीचा आकडा, या क्रमाने वाचावं.

पहिला प्रश्न मात्र कार्डाचा नसून खेळाचा आहे. मुलाला विचारा, ‘बाळा, नक्की काय खेळणार?’ व्हॅलोरंटसारखा खेळ साध्या यंत्रावरही चालतो. मोठ्या, नव्या, चित्रमय खेळांना आज ८ जीबीचं कार्ड धरून चालावं, ४ जीबीत ओढाताण होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे. असा कुठलाही खेळ घेताना त्याच्या विक्रीच्या पानावर ‘किमान’ आणि ‘शिफारस’ अशा दोन याद्या असतात. मुलाच्या आवडीच्या तीन खेळांच्या याद्या कागदावर उतरवा. निम्मी निवड तिथेच होते.

दुसरा प्रश्न विजेचा. कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ७० वॅटचं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० एवढ्यात भागवतं. १३२ वॅटच्या आरएक्स ६६०० ला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे संगणक स्वस्तात मिळतात, पण त्यांचा एसएमपीएस बेताचा असतो आणि बारीक डब्यात उंच कार्ड बसतही नाही. कार्ड घेण्याआधी डबा उघडून पाहावा, पट्टीने मोजावा. दोन पैसे वाचवायचे असतील तर एसएमपीएसवर वाचवू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज लपंडाव खेळते, तेव्हा पहिला मार तोच खातो.

जुन्या मदरबोर्डसाठी आणखी एक गोष्ट. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी कागदावर बरं दिसतं, पण मदरबोर्डशी बोलायला त्याला चारच मार्गिका आहेत. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत बसवलं की ते मंदावतं. त्यात मेमरीही ४ जीबीच, म्हणजे जुड्या आणायला अरुंद बांध आणि फेऱ्याही जास्त.

तिसरा प्रश्न ऐकून दुकानदार नाराज होईल: वेगळं कार्ड आजच हवं का? २०२४ साली आलेल्या रायझन ५ ८६००जीसारख्या प्रक्रियकात बरी ग्राफिक्स चिप आतच असते. हलके खेळ तिच्यावर चालतात आणि कार्ड पुढे बसवता येतं. मात्र ही चिप संगणकाचीच रॅम वापरते. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात, वेगात उघड फरक पडतो. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस खूप चढले, कारण मेमरी बनवणारे कारखाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडे वळले. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणकही अशाच ग्राफिक्स जातीच्या चिपांवर उभा आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. मुलांच्या खेळासाठी वाढलेली ही चिप आता साऱ्या जगाला हवी आहे आणि त्याची झळ मळवलीतल्या भिशीपर्यंत पोचते.

शेवटी जुन्या कार्डांविषयी. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करता येते, पण डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं जगभर विक्रीला आली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पण पैसे देण्याआधी अर्धा तास खेळ चालवून पाहावा, पंख्याचा आवाज ऐकावा. जुन्या चिपवर नव्याचं नाव चढवलेली बनावट कार्डंही बाजारात आली होती. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर त्यांतली बरीच ओळखतं. जीटीएक्स १०५० टीआयच्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं. ते अगदी स्वस्त मिळालं आणि जुनेच खेळ खेळायचे असले, तरच घ्यावं.

पालकांना एवढंच सांगेन, की ‘आम्हाला यातलं कळत नाही’ म्हणून थेट नाही म्हणू नका आणि डोळे मिटून हो सुद्धा म्हणू नका. कोणता खेळ, कोणता पडदा, किती वॅट, चिपचं पूर्ण नाव काय, हे चार प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. आणि मुलांनो, या चार प्रश्नांची उत्तरं स्वतः लिहून अम्मी-अब्बूंसमोर, आई-बाबांसमोर ठेवा. ज्या मुलाने घरच्या पैशाचा हिशेब असा मांडला, त्याला हट्टी कोण म्हणेल? दुकानातून निघताना पक्कं बिल घ्या, त्यावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि खोकं हमी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)