चित्रपटांतील घर

नाटकांतला राजवाडा पडद्यावर रंगविलेला असे. वाऱ्याची झुळूक आली कीं त्याचे खांब हालत. पण त्याबद्दल कोणी तक्रार करीत नसे. नाटकाचा प्रेक्षक आपल्या कल्पनेचा वांटा आनंदानें उचलीत असे. चित्रपटाच्या प्रेक्षकाचें तसें नाहीं. कॅमेऱ्याचा डोळा भिंतीच्या अगदीं जवळ जातो. आणि ती भिंत खोटी ठरली, तर तिच्याआड ढाळलेले अश्रूहि खोटे ठरतात.

महाराष्ट्रांत हा भेद ज्यांनीं लौकर ओळखला, त्यांत कोल्हापूरचे बाबुराव पेंटर अग्रगण्य होत. ते मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार. परंतु चित्रपटाकडे वळल्यावर त्यांनीं सपाट पडदा दूर सारून, माणसें ज्यांत खरोखर वावरूं शकतील अशी ठोस नेपथ्यरचना स्वीकारली. त्यांच्या १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटांत शेतकऱ्याची एक झोपडी आहे. मंद उजेड, उदास झोपडी आणि रडणारें एक कुत्रें, एवढाच तो देखावा; पण शब्दांची सोय नसतांनाहि त्या कुटुंबावरील अरिष्ट प्रेक्षकांना त्यानेंच कळविलें.

बाबुरावांच्या हाताखालीं तयार झालेले फत्तेलाल व दामले हे १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेल्या ‘प्रभात’चे भागीदार झाले. प्रभातच्या चित्रपटांचें नेपथ्य मुख्यतः फत्तेलालांच्या हातचें. १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’मध्यें बळी घेणाऱ्या देवीचें मंदिर आहे. तेथें प्रकाश थोडा व काळोख फार. मूर्तीपुढें माणूस खुजा दिसतो. राजगुरूच्या मुखांतून आज्ञा बाहेर पडण्यापूर्वींच प्रेक्षकाच्या मनांत भय शिरलेलें असतें. भीतीवर चालणारी सत्ता कशी असते, हें तो काळोखच सांगतो.

परंतु भय निर्माण करणें त्या मानानें सोपें. दोन वर्षांनीं, १९३६ सालीं, दामले-फत्तेलाल यांनीं ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. तेथें भव्यतेला वाव नव्हता. देहू गांवांतील एक गरीब घर उभें करावयाचें होतें. या घरांत जिजाई राबते, मुलांसाठीं जीव टाकते आणि विठ्ठलावर चिडते. या घराचें दारिद्र्य सजविलेलें नाहीं. त्यामुळें प्रेक्षक तेथें पाहुणा राहत नाहीं, घरचाच होतो.

याचें फळ पुढें दिसतें. शिवाजी महाराजांकडून वस्त्रें व अलंकार येतात. मुलें तीं अंगावर चढवितात, जिजाई हरखते. आणि तुकाराम तें सारें परत करावयास सांगतात. घर जर केवळ नांवापुरतें गरीब असतें, तर हा त्याग म्हणजे एक सुभाषित ठरला असता. पण त्या घरांतली चणचण प्रेक्षकानें स्वतः पाहिलेली असते. म्हणून त्याचें मस्तक तुकारामांपुढें लवतें आणि त्याच वेळीं जिजाईसाठीं जीव तुटतो. त्यागाचें मोल जिजाईला द्यावें लागतें, ही जाणीव त्या घरानेंच त्याला दिलेली असते. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला, आणि मराठी न जाणणाऱ्यांनाहि तें घर परकें वाटलें नसावें.

कृष्णधवल चित्रपटांत नेपथ्यकाराला रंग असूनहि रंग नसे. भिंतीचा तांबडा वा हिरवा रंग पडद्यावर करड्या छटेचा होई. म्हणून त्याला रंगापेक्षां छटेचाच विचार आधीं करावा लागे. एवढी मेहनत करून उभारलेलें घर चित्रण संपतांच मोडलें जाई. प्रभात कंपनीहि १९५३ सालीं बंद पडली, आणि तिच्या पुण्यांतील जागेंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली.

चित्रपट पाहून घरीं परततांना लोक नटांचें कौतुक करतात, गाणीं गुणगुणतात. भिंतींविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. नेपथ्यकाराची त्याबद्दल तक्रार नसते. भिंत आठवली नाहीं, पण त्या घरांतली बाई आठवली, म्हणजे त्याचें काम झालें.