आरशातला दिवा



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. माझा भाचा पिकअपमधून वेळापूरहून पंढरपूरला डाळिंब पोचवतो. एका संध्याकाळी परतताना मीही शेजारी बसलो होतो. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं गाड्यांची रांग. वस्तीकडं उजवीकडं वळायचं म्हणून त्यानं इंडिकेटर दिला, स्टिअरिंग फिरवलं, आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. त्याच्या दाराला लागून एक मोटरसायकल करकचून थांबली. नवरा, बायको, मधे लेकरू. शिव्या येतील असं वाटलं. पण तो गडी एवढंच म्हणाला, "दादा, लाइट तरी दाखवायचा!"

"मामू, इंडिकेटर चालू होता," भाचा म्हणाला. खरंच चालू होता, आत टिकटिक ऐकू येत होती. पण मोटरसायकल दाराशी आली होती. मागचा दिवा तिच्या मागं राहिला आणि पुढचा कोपऱ्याआड गेला. तिला दिसला असता तो एकच, आरशाच्या पाठीवरचा. आणि तोच बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, आरसाच बदला. वायरिंगवाल्यानं मात्र आधी टेस्टर काढला. या माणसाकडून मी जे शिकलो ते सांगण्यासारखं आहे. मागचा 21 वॅटचा बल्ब गेला तर बहुतेक गाड्यांत टिकटिक भराभर होते, ड्रायव्हर सावध होतो. आरशातला एलईडी इतकी कमी वीज खातो, की तो विझला तरी टिकटिक बदलत नाही. हा दिवा गुपचूप मरतो. सीटवरून तो धड दिसतही नाही.

दाराच्या आत वीज येत होती, आरशात पोचत नव्हती. बाजारात गल्ली अरुंद म्हणून भाचा दिवसातून दहादा आरसा दुमडतो. त्या घडीत वायर आतल्या आत तुटली होती, वरचं आवरण मात्र शाबूत! बॅटरीची निगेटिव्ह तार काढून त्यानं तुटका भाग बदलला, सांधा झाळला, घडीला थोडी ढील ठेवली.

डाव्या आरशाचं दुखणं वेगळं. दिव्यात पाणी शिरून आतली पितळ हिरवी पडली होती. तो दिवाच बदलावा लागला. काच थंड असताना ओढली तर तडकते, म्हणून आधी गरम फडक्यानं शेकली. दुकानात झगमगीत निळे दिवेही होते. भाच्याची नजर तिकडं गेली, पण कायद्यानं वळण्याचा दिवा पिवळसर नारंगी हवा आणि तो मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकावा. पोरांना निळा का आवडतो, कोण जाणे.

आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते. पिकअप तेव्हा दिंड्यांचं सामान आणि पाणी वाहतात. वारकरी गाडीच्या हातभर अंतरावरून चालतात. ते ना पुढं असतात, ना मागं. आरशाशीच असतात.

आता भाचा रोज सकाळी निघण्याआधी इंडिकेटर लावतो आणि सहा वर्षांची लेक अंगणात गाडीला फेरी मारते. "उजवा चालू, अब्बा," असं ओरडते. मग धावत पलीकडं जाते. डाव्याचं उत्तर येईपर्यंत तो गिअर टाकत नाही.