पाच वॅटचं केंद्र

मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने गोव्यात झाडं आणि विजेचे खांब आडवे केले. वीज गेली की मोबाइलचा मनोरा त्याच्या बॅटरी-जनरेटरपुरताच तग धरतो. हौशी रेडिओचं छोटं केंद्र मात्र ५ वॅटवर, १२ व्होल्टच्या बॅटरीवर पेडण्याच्या एखाद्या सड्यावरही चालतं. एवढ्याशा शक्तीत काय साधणार, ही शंका रास्त आहे. पण १०० वॅटपेक्षा ५ वॅटचा संदेश १३ डेसिबलनेच उतरतो, आणि मोर्स संकेतांची टिकटिक गोंगाटातूनही कानाला लागते. डिचोलीच्या डोंगरांचा अडसरही टळतो. ७ मेगाहर्ट्झच्या अँटेनासाठी साधारण २० मीटर तार घ्यायची, मधोमध तोडून तिथे केबल जोडायची आणि दोन माडांमध्ये चार-पाच मीटर उंचीवर आडवी ताणायची. लहर बरीचशी सरळ वर जाते, आयनांबरावरून परतते आणि दिवसा डोंगरापलीकडे, कोल्हापूर-पुण्याकडेही उतरते.

आपत्तीत संदेश पोहोचवणं हे काम सरकारी यंत्रणेचं आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे; पण पूर आलेल्या वाड्यावर पहिल्या तासाला असतो तो शेजारीच. परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, मोर्सचा कान तयार व्हायला महिने जातात. ही तयारी पावसाआधीच व्हायला हवी.