फी माफ झाली, पण जेवणाचं काय?



मी पेण तालुक्यातल्या कासूची. थोडी भाताची जमीन, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम आणि आमच्या बचत गटाचं दप्तर, अशी माझी कामं. आज बोलायचंय ते मुलींच्या कॉलेजच्या खर्चाबद्दल. हा हिशेब माझा चुकला होता. तुमचा चुकू नये म्हणून सांगते.

2024 च्या जुलैमध्ये सरकारचा निर्णय आला. घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, मुलगी इतर मागास, आर्थिक दुर्बल किंवा सामाजिक-शैक्षणिक मागास गटातली असेल आणि तिला सरकारी प्रवेश फेरीतून इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या शिक्षणाला जागा मिळाली असेल, तर तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. माझ्या लेकीचा नंबर त्याच वर्षी लागला. आम्ही आवणीत होतो, चिखलाच्या पायांनीच बातमी ऐकली. आमचे हे म्हणाले, "चला, फुकटात झालं." मीही तेच धरून चालले.

कॉलेज लांबचं, त्यामुळे राहणं तिकडेच. मेसचे महिन्याला 3,000, म्हणजे दहा महिन्यांचे 30,000. खोलीचे 12,000. कॉलेजचे इतर शुल्क 8,000. पुस्तकं आणि साहित्य 6,000. येणंजाणं 4,000. झाले 60,000. फी माफ होऊनही!

राहण्याजेवणासाठी भत्त्याच्या योजना आहेत, त्या लिहून घ्या. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. आपल्या कातकरी, ठाकूर वाड्यांतल्या बायांना तिची चौकशी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, त्या अर्ज करायच्या आधी विचारून घ्या.

आम्हीही अर्ज केला. पण भत्त्याचे पैसे मुलीच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. तिचं खातं होतं, आधारही होतं, पण दोन्ही एकमेकांना जोडलेलं नव्हतं. ती चूक माझी. मी पासबुक बघून निश्चिंत राहिले.

डिसेंबरात लेकीचा फोन आला. "आई, मेसवाल्या मावशींचे तीन महिने थकलेत. मी एक वेळच जेवते. चालतं मला."

त्या रात्री मला भाकरी गेली नाही. गळ्यातलं सोनाराकडे ठेवायचं मनात आलं. एकाने शेकडा पाचने पैसे देऊ केले. गटाचं दप्तर माझ्याच हातात, पण गटात मागायची लाज वाटत होती. औषधपाण्याला मागतात, बियाण्याला मागतात, मेसच्या बिलाला कसं मागायचं?

शेवटी बैठकीत बोलले. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकी म्हणाल्या, "बियाण्याला देतो ना आपण? मग ही काय वेगळी पेरणी आहे?" गटाने 20,000 दिले. आमचं नेहमीचं व्याज शेकडा दोन, पण शिक्षणासाठी शेकडा एक असा ठराव त्याच दिवशी केला. पहिल्या महिन्याचं व्याज 200 रुपये. शेकडा पाचने तेच 1,000 झालं असतं. दहा हप्त्यांत फेडले. तोवर खातं जोडून घेतलं आणि भत्ताही आला, पण वर्ष सरता सरता. मेसचं बिल दर महिन्याला येतं, सरकारचे पैसे त्यांच्या वेळेने येतात. मधल्या महिन्यांत मुलीने काय खायचं, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या शेजारच्या वाडीतली एक मुलगी माझ्या लेकीसारखीच हुशार. तिचीही फी माफ होती. पहिल्या वर्षानंतर घरी आली ती परत गेलीच नाही. पुढे कळलं, खोलीचं आणि मेसचं मिळून 11,000 थकलं होतं. तिची आई आमच्याच गटात आहे. ती बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते मला आजही टोचतं.

रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील तुम्हाला माहीत आहेत. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. एकट्या बाईने तेवढं केलं. आपण तर गटात दहा-बाराजणी आहोत.

म्हणून चार कामं सांगते. उत्पन्नाचा दाखला, जातीचे कागद एप्रिल-मेमध्येच काढा, जूनमध्ये गर्दी होते. मुलीचं खातं आधारशी जोडलंय का, ते बँकेत जाऊन स्वतः विचारा, आणि अर्ज दर वर्षी भरावा लागतो हे विसरू नका. रोज ये-जा करणाऱ्या मुलींना पदवीपर्यंत रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो, कॉलेजचं पत्र लागतं. आपल्या कासूला स्टेशन आहे, त्याचा उपयोग करा. आणि खर्च फार मोठा असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. त्यात फीबरोबर वसतिगृह आणि पुस्तकांचा खर्चही धरतात. 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र आधीपासून चढतं, ते विचारूनच सही करा.

आणि गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की विचारा, यंदा कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा कॉलेजला जातोय? नाव लिहा, समोर वर्षाचा पूर्ण खर्च लिहा, जेवणासकट. आई आपणहून बोलणार नाही. तिला विचारावं लागतं.

माझी लेक आता दोन वेळा जेवते. तेवढंच सांगायचं होतं.