चाकावरचं घर, कुणाच्या नावावर?

(महागाव येथे भरलेल्या स्त्रियांच्या मेळाव्यात ‘उतारवय आणि मालमत्ता’ या सत्रात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

या सत्रात बोल म्हणून निरोप आला तेव्हा मी म्हटलं, मी काय बोलणार? शेत दिरांकडे, राहत्या घराच्या कागदावर अजून सासऱ्यांचं नाव. माझ्या एकटीच्या नावावर एकच वस्तू आहे आणि ती बाहेर चिंचेखाली उभी आहे. येताना तुम्ही पाहिली असेल. पांढरी क्रूझर, एम.एच. २९, खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे. निरोप घेऊन आलेली म्हणाली, मग तिच्यावरच बोल. तर आज मी गाडीवर बोलणार आहे. आपल्या भागात क्रूझर म्हटलं की लग्नाची वऱ्हाडं आणि मजुरांच्या खेपा डोळ्यांसमोर येतात. माझ्या क्रूझरमध्ये फळी आहे, गादी आहे, पाच किलोचा सिलिंडर आहे, पाण्याचे दोन कॅन आहेत. ते माझं घर आहे. निदान वर्षातले चाळीस-पन्नास दिवस तरी.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. सगळा जन्म दुसऱ्यांना त्यांच्या गावी नेऊन सोडण्यात गेला. त्यांची फार इच्छा होती की रिटायर झाल्यावर आपली गाडी असावी, मनात येईल तिथे थांबावं, घंटी मारणारा कंडक्टर नको. २०१५ साली ते निवृत्त झाले आणि २०११ ची ही गाडी आम्ही नागपूरच्या एका कुटुंबाकडून घेतली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझी वर्षभराची नोकरी बाकी होती. मी माझ्या फंडातून पैसे काढले. अर्धे त्यांचे, अर्धे माझे. कागद झाला तो मात्र त्यांच्या नावावर. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी इथे कबूल करते. वर्गातल्या मुलींना मी समान हक्क शिकवत होते आणि घरी पावती कुणाच्या नावाची आहे हे बघितलंसुद्धा नाही.

त्यांना आत पलंग, ओटा, नळ सगळं ठोकून घ्यायचं होतं. सुताराने फक्त सुटी फळी करून दिली, हे बरं झालं. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर ती टाकायची आणि मधल्या सीटची पाठ पाडायची, की दोघांपुरती जागा होते. नोंदणीत जशी गाडी लिहिली आहे त्याहून वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तेच सांगतं आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. नाहीतर कारखान्यातून मोटारघर म्हणूनच मंजूर होऊन आलेली गाडी घ्यावी लागते आणि ती आपल्यासारखीच्या फंडात बसत नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आम्ही त्याच्या आधीपासून फळीवर झोपत होतो.

आम्ही हिंडलो. माहूर, उनकेश्वरची गरम पाण्याची कुंडं, सहस्रकुंड, सेवाग्राम, पवनार. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, मी सुखात आहे. मग एकदा माहूरला गाडी लावलेली, पहाट झालेली. हे बाहेर खुर्ची टाकून धुक्यात चहाची वाट बघत बसलेले आणि मी आत कंबरेत वाकून, कारण उभं राहता येत नाही, स्टोव्ह पेटवत होते. पोहे भिजत होते. रात्रीची भांडी कॅनच्या बेतशीर पाण्यात धुवायची होती, पांघरुणं झटकून घड्या घालायच्या होत्या. ते म्हणाले, “किती शांत वाटतं नाही इथं?” आणि मी एकदम म्हटलं, “तुम्हाला वाटतं. मला इथंही पोहेच करायचे आहेत.” घर चाकावर आलं तेव्हा चूलही चाकावर आली होती आणि चुलीपाशी मीच होते. घरी निदान ओटा उंच आहे.

ते चांगले होते, म्हणून ऐकून घेतलं. त्या दिवशी आम्ही भक्तांच्या गर्दीत हॉटेलात पोहे खाल्ले. पुढे ते चहा करायला शिकले, थोडा गोड करत. पण गाडी शिकवायला मात्र तयार नव्हते. “क्लच जड आहे, तुझं गुडघ्याचं दुखणं.” शेवटी २०१६ मध्ये, शाळेतून निवृत्त झाल्या झाल्या, मी त्यांना न सांगता पुसदला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय ५८. शिकवणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला आणि पहिले चार दिवस मला ‘बाई’ म्हणत ब्रेक दाबायला घाबरत होता. लायसन्स आलं तेव्हा हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवर येऊन बसले. एसटीच्या ड्रायव्हरने दुसऱ्याच्या, त्यातून बायकोच्या शेजारी बसणं सोपं नसतं. २०१९ साली एसटीने बायकांना बस चालवायचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी मुली होत्या. पेपरातला तो फोटो त्यांनीच कापून आरशाला लावला. तो अजून आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ते करोनात गेले.

आता गाडीचं काय, हा प्रश्न तेराव्यालाच निघाला. मोठा मुलगा म्हणाला, “आई, तुला कशाला हवी? उभ्या उभ्या सडेल. विकू आणि पैसे वाटून घेऊ.” तो वाईट नाही. त्याला खरंच माझी काळजी वाटत होती. पण माझे अर्धे पैसे त्यात होते हे त्याला माहीतच नव्हतं. कसं माहीत असणार, मीच कधी बोलले नव्हते. मालक वारला तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरचा फॉर्म भरून नाव बदलून घ्यायचं असतं. बायको, मुलगे, मुली हे सगळे सारखेच वारस, म्हणून इतरांची ना-हरकत लागते. मुलीने त्याच दिवशी सही केली. मुलाची सही यायला मुदत संपत आली. त्या दिवसांत मी रात्री गाडीत जाऊन बसायची आणि वाटायचं, या सीटवर बसायला मला मुलाची परवानगी लागावी? २०२१ पासून नियम बदलला आहे. नोंदणी पुस्तकात वारसदाराचं नाव आधीच लिहून ठेवता येतं. घरी जाऊन बघा, ट्रॅक्टर असो की स्कूटर, तुमचं नाव आहे का. माझं भाषण विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

नाव झालं. पण गाडी एकटीची झाली की तिचा भारही एकटीचा होतो. तो झाकून ठेवून गाडीचं गुणगान करण्यात अर्थ नाही. बॅटरी महिनाभर उभी राहिली की उतरते. कापूस घरात भरला की उंदीर येतात आणि त्यांना बॉनेटखालच्या वायरी फार आवडतात. टायर, विमा, ऑईल. डिझेल लिटरला अकरा-बारा किलोमीटर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. यवतमाळला एकटी जायचं तर एसटी कितीतरी स्वस्त, हे मी ड्रायव्हरची बायको म्हणूनही सांगते. आणि संडास! पेट्रोल पंपावर असायला हवा असा नियम आहे. असतोही, पण त्याला कुलूप असतं आणि किल्लीवाला जेवायला गेलेला असतो. म्हणून पाचनंतर पाणी पीत नाही, असं मी दोन वर्षं केलं आणि लघवीच्या जागी आग घेऊन डॉक्टरकडे गेले. आता एक झाकणाची बादली आणि कापडी आडोसा सोबत असतो. यात लाजण्यासारखं काही नाही. हौसेचं म्हणा किंवा गरजेचं, बायकांनी घराबाहेर पडायचं म्हटलं की गाडी इथेच अडते.

आमच्या गावाजवळच्या तांड्यावरची माझी एक मैत्रीण आहे, माझ्याच वयाची, कधी कधी माझ्यासोबत येते. पहिल्यांदा ती गाडीत चढली, फळीवर हात फिरवला आणि हसायला लागली. म्हणाली, “आमच्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलुख पालथा घातला. आगगाडी आली, धंदा गेला. इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून नोंदवलं. १९५२ साली सुटलो, एका जागी राहायला शिकलो. अन् आता तुम्ही मास्तरणी फिरायला निघाल्या!” तिने दोन मोसम ऊसतोडही केली आहे. पालात राहायचं, अंधारात उठायचं, आडोसा नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याचा प्रश्न गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा ती मला म्हणाली, “बाई, तुमच्या पदरात महागावच्या घराची किल्ली आहे, म्हणून तुमचं चाक हौसेचं.” मी काही बोलले नाही. नातीने मला ‘नोमॅडलँड’ सिनेमा दाखवला होता, २०२१ ला ऑस्कर मिळालेला. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या बायका, मंदीत घर गेलं, पेन्शन पुरेना, म्हणून व्हॅनमध्ये राहतात आणि हंगामी कामं करत हिंडतात. आपल्याला वाटतं तिकडचे म्हातारे मजेत मोटारघरं घेऊन निघतात. तसेही निघतात. पण दोघींच्या गाड्या लांबून सारख्याच दिसतात आणि मैत्रिणीने बोट ठेवलं ते नेमकं त्या फरकावर.

पवनारला विनोबांच्या आश्रमातल्या बायकांकडे गेले होते तेव्हा आणखी एक गोष्ट ऐकली. १९६७ पासून बारा वर्षं चार बायका पायी देशभर हिंडल्या. गाडी नाही, घर नाही, मालकीचं काही नाही. मी परत येऊन गाडीत बसले आणि किती सामान जमवलंय आपण, असं वाटलं. पण त्यांच्यासारखं माझ्याच्याने होणार नाही. मला उशी लागते.

मग ठेवली का? सांगते. माझी मुलगी नांदेडला असते, दोन खोल्यांचा फ्लॅट, सासू-सासरे. पूर्वी गेले की हॉलमध्ये अंथरूण टाकायचे, जावई सकाळी माझ्यावरून ओलांडून दूध घ्यायला जायचे. आता मी खाली गाडी लावते. वर जेवते, नातवंडांशी खेळते आणि रात्री खाली येऊन माझ्या फळीवर झोपते. शेजारी कुजबुजले, लेकीने आईला गाडीत झोपवलं म्हणून. मुलगी रडली. मग एका रात्री तीच उशी घेऊन खाली आली. आम्ही दोघी दोन वाजेपर्यंत बोललो. तिच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो, कारण तिच्या घरात माझी अशी जागा नव्हती आणि माझ्या घरात तिची राहिली नव्हती.

दुसरी गोष्ट नाव-गाव न सांगता बोलते. एका रात्री आमच्या आळीतली एक सून दार वाजवत आली. कपाळ फुटलेलं. माझ्या घरात मुलगा-सून आलेले, ती आत यायला तयार नाही. मी तिला गाडीत नेलं, आतून लॉक कसं लावायचं ते दाखवलं, थर्मास ठेवला. दोन रात्री ती तिथे झोपली. २००५ च्या कायद्याने बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्याही नावावर असो, आणि नंतर तिने त्याच कायद्याखाली अर्जही केला. पण त्या दोन रात्रींसाठी तिला आतून बंद होणारं एक दार हवं होतं. सकाळी तिचा नवरा ओरडत आला. मी म्हटलं, “गाडी माझी आहे, कागद माझ्या नावावर आहे, दूर हो.” मैत्रिणींनो, असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

आता आम्ही चौघी जातो. मी, तांड्यावरची मैत्रीण, एक निवृत्त नर्सबाई आणि एक स्वयंपाकाची कामं करणारी. स्वयंपाकवालीला सक्त ताकीद आहे, फोडणी द्यायची नाही. ज्या दिवशी जी चालवते, म्हणजे मीच, तिने भांड्याला हात लावायचा नाही. दोघी आत झोपतात, दोघी बाहेर ताडपत्रीखाली, आळीपाळीने. रात्री पोलीस काच वाजवून विचारतात, “सोबत कोण आहे?” नर्सबाई सांगते, चौघीजणी आहोत. ते पुन्हा विचारतात, “नाही, म्हणजे सोबत कोण?”

गाडीची पंधरा वर्षं आणि माझ्या लायसन्सची पाच वर्षं एकाच वर्षी भरतात. गाडीला तपासणी, पर्यावरण कर आणि पुढच्या पाच वर्षांची नोंदणी. मला डॉक्टरचं सर्टिफिकेट. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्यात सुरुवात आहे. संध्याकाळनंतर समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, म्हणून अंधारात चालवणं मी स्वतःच बंद केलं आहे. मुलगा अजून विक म्हणतो. मी हिशेब मांडून पाहिला, खर्चाची बाजू जड निघते, हे मी त्याला प्रामाणिकपणे दाखवलं. तरी मी नोंदणी करून घेणार आहे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आधी, आणि डॉक्टर नाही म्हणाले तर चालवणार नाही. मग तांड्यावरच्या मैत्रिणीची नात आहे, नुकतंच तिने लायसन्स काढलंय. तिला विचारलंय. वारसदाराच्या रकान्यात मुलीचं नाव लिहिणार आहे आणि मुलाला तसं आधीच सांगितलं आहे.

सोमवारी गाडी यवतमाळला तपासणीला न्यायची आहे. कुणाला तिकडे काम असेल तर सात जागा आहेत. आठला निघू, उजेडी परत येऊ. चहाचा थर्मास माझा, डबा आपापला आणा.