चांद्याचा बर्फ

वैशाखांतल्या भर दुपारीं चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, रस्त्यावरून जाणाऱ्यास "येथें एके काळीं बर्फाचे प्रचंड थर पसरले होते" असें कोणी सांगितलें, तर सांगणाऱ्यालाच ऊन लागलें असावें असें त्याला वाटेल. परंतु त्या बर्फाची साक्ष तेथील खडकांतच आहे.

या भागांत फार जुन्या चुनखडीवर हिरवट, सुईसारख्या ढलप्या निघणारा एक मातकट खडक आढळतो. ओरिसांतील तालचेर येथें तो प्रथम ओळखला गेला, म्हणून त्यास तालचेर थर म्हणतात. वय सुमारें ३० कोटि वर्षें. त्याच्या तळाशीं मात्र नवल आहे. बारीक गाळांत वाटाण्याएवढ्या खड्यापासून मोठमोठ्या धोंड्यांपर्यंत सर्व आकारांचे दगड एकत्र रुतलेले दिसतात. वाहतें पाणी असें करीत नाहीं. नदी ही सुपानें पाखडणाऱ्या गृहिणीसारखी. जड तें अगोदर टाकते, हलकें तें पुढें नेते. श्रोत्यांनीं पूर ओसरल्यावर कोणतेंहि नदीपात्र पाहावें. लहानमोठें न निवडतां सारें एकदम आणणारा आणि वितळतांच जागच्या जागीं टाकून देणारा वाहक म्हणजे बर्फ.

१८५६ मध्यें ब्लॅनफर्ड बंधु व थिओबाल्ड यांनीं तालचेर येथें हा तर्क केला. तर्क धाडसाचा होता. उष्ण कटिबंधांत हिम म्हणजे कांहीं लहान गोष्ट नव्हे. पुढें १८७५ मध्यें फेडन यांनीं चांद्याकडील पुरावा प्रसिद्ध केला. पैनगंगेच्या परिसरांत, इरई गांवाजवळ, या थराखालची चुनखडी घासून गुळगुळीत झालेली असून तिच्यावर समांतर ओरखडे आहेत. तळाशीं दगड धरून सरकणारें हिम खालच्या खडकावर कानशीसारखें फिरतें, त्याचेच हे वळ.

तशाच खुणा दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथेंहि सांपडल्या. हे सर्व भूभाग पूर्वीं एकत्र व दक्षिण ध्रुवाजवळ होते असें मानल्यास कोडें सुटतें. वेगेनर यांनीं १९१२ मध्यें खंडांच्या सरकण्याची कल्पना मांडली, तेव्हां असल्या खुणांचा त्यांस मोठाच आधार मिळाला. त्या जोडखंडास गोंडवन हें नांव पडलें, तें गोंडांच्या भूमीवरून.

हिम ओसरलें, नद्या वाहूं लागल्या, दलदली माजल्या. तींत ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या वृक्षांची पानें वर्षानुवर्षें कुजत साचलीं व वरच्या गाळाच्या भारानें त्यांचा कोळसा झाला. वर्धेच्या खोऱ्यांतील खाणींचा कोळसा तो हाच. त्याच्या लगतच्या पाटीसारख्या खडकाचे पापुद्रे उलगडले, तर जिभेच्या आकाराचें एखादें पान मधल्या शिरेसह आणि जाळीसह अजून दिसतें.